तीनशे पासष्ट गाठींची सुतळी

नमुना क्रमांक सात. नदी व खाडीतील नौकांबाबत. नौकेवरील इसमांचा तपशील, अनुक्रमांक दोन.

नाव: चन्नबसम्मा भ्र. ईश्वरअप्पा हालगे. वय: अंदाजे सत्तेचाळीस. शिक्षण: सही करतात. धंदा: घरकाम. मूळ राहणार: राणीसावरगाव, तालुका गंगाखेड. हल्ली मुक्काम: गोदावरी नदीपात्र, तीर उजवा किंवा डावा, पाण्याच्या सोयीप्रमाणे. ओळखीची खूण: दोन्ही तळहातांना घट्टे, कारण विचारले नाही. पोहता येते काय: विचारले नाही. जवळचे बंदर: गंगाखेड बसस्थानक. नौकेवरील नाते: प्रवासी.

हा कागद दिनकरराव नावाच्या कारकुनाने १९८६ साली भरला. नमुना मुळात समुद्रकाठच्या जिल्ह्यांसाठी छापलेला, तो परभणीच्या कपाटात कसा आला हे कपाटालाच ठाऊक. बंदराचा रकाना मोकळा सोडला तर साहेब कागद परत करतात, म्हणून बसस्थानक. घट्ट्यांचं कारण विचारलं नाही, कारण ज्या बाईंना विचारायचं त्या त्या वेळी कमरेइतक्या पाण्यात उभ्या राहून नावेला खांदा लावत होत्या आणि दिनकरराव नावेवर बसून मालकांच्या हातचा चहा घेत होते. कामात असलेल्या बाईमाणसाला मध्येच थांबवणं त्यांना बरं दिसलं नाही.

चन्नबसम्मा त्या पाण्यात का उभ्या होत्या, हे सांगायचं तर दुकानापासून सुरुवात करावी लागते.

ईश्वरअप्पांचं राणीसावरगावात किराणा दुकान होतं, बापाच्या वेळचं, चौदा फळ्यांचं. म्हणजे दुकानाला दार नव्हतं. चौदा उभ्या सागवानी फळ्या होत्या, खोबणीतून एकीमागे एक सरकवायच्या. प्रत्येकीवर डांबरानं आकडा घातलेला. सकाळी चौदापासून एकपर्यंत काढायच्या, सांजच्याला एकपासून चौदापर्यंत लावायच्या. वयाच्या पन्नाशीपर्यंत ईश्वरअप्पांनी केलेला प्रवास तेवढाच. परभणीला मालासाठी जावं लागे, पण एस.टी. त्यांना लागायची, नाकाशी लिंबू धरून जायचे आणि दोन दिवस कुणाशी न बोलता परत यायचे. चन्नबसम्मांना नवऱ्याची ही खोड बिनघोर वाटायची. ज्याला एस.टी. सोसत नाही तो माणूस कुठं जाणार नाही, एवढी खात्री फार कमी बायकांना असते.

१९८२ मध्ये परभणीहून आलेल्या रद्दीच्या गठ्ठ्यात गुळगुळीत कागदाचं एक विलायती पान निघालं. त्यावर रंगीत चित्र. दोन पोटांची पांढरीशुभ्र नाव, वर उंच शीड, उघड्या अंगाचा एक दाढीवाला गोरा माणूस आणि हातात पेला धरून हसणारी त्याची बायको. ईश्वरअप्पांनी ते पान हिंग बांधायला घेतलं आणि हिंग तसाच ठेवला.

चंद्रभान मास्तर शाळेत इंग्रजी शिकवायचे. त्यांनी वाचून दाखवलं. नवराबायकोनं घरदार सोडलंय. अकरा वर्षं झाली नावेवरच राहतात, या दर्यातून त्या दर्यात जातात. दोन पोटांच्या नावेला कॅटमरान म्हणतात, ती कलंडत नाही आणि पाणी ओसरलं तरी वाळूवर सरळ उभी राहते. "आणि पुढं," मास्तर म्हणाले, "पान सत्तेचाळीसवर."

पान सत्तेचाळीस कुणाच्या तरी हळदीबरोबर गेलं होतं. ईश्वरअप्पांनी गावातल्या सगळ्या हळदीच्या पुड्या सोडून पाहिल्या. बायकांनी आधी विचारलं, मग नुसत्या पुड्या पुढे करायला लागल्या.

"बघ, कशी हसायलीय," ईश्वरअप्पा बायकोला चित्र दाखवायचे.

"फोटू काढणारा समोर उभा हाय म्हणून हसायलीय," चन्नबसम्मा म्हणायच्या. "तो गेल्यावर ईचारा तिला."

हे दोन वर्षं चाललं. गिऱ्हाइकानं साखर मागितली तर मीठ मिळायचं, मीठ मागितलं तर गोदावरी कुठून कुठं जाते हे ऐकायला मिळायचं. गावात गंगा म्हणजे गोदावरीच. ती राणीसावरगावापासून चांगली लांब, पण ईश्वरअप्पा दर सोमवारी तिला बघून येऊ लागले, तेही पायी, कारण एस.टी. लागायची. घरी आले की पायांना तेल चोळायचं काम चन्नबसम्मांकडे. शेवटी १९८४ च्या शिवरात्रीला मठात सगळी मंडळी जमलेली असताना चन्नबसम्मांचं डोकं फिरलं. गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन त्या नागनाथ स्वामींपुढं उभ्या राहिल्या.

"एक वरीस," त्या म्हणाल्या. "एक वरीस ऱ्हाते यांच्यासंगं पाण्यावर. वरीस पुरं झाल्याबिगर घराचा उंबरा ओलांडणार न्हाई. पर पुरं झालं की जन्मभर पाण्याचं नाव काढायचं न्हाई. प्यायचं सोडून."

त्यांचा हिशेब सरळ होता. नवऱ्याला एस.टी. लागते तर नाव लागणारच. आठ दिवसांत लिंबू हुंगत घरी येतील आणि विषय मिटेल. आठ दिवसांसाठी वर्षाचा शब्द दिला तर तो मोठा दिसतो, म्हणून वर्ष. उंब्र्याचं कुणी मागितलं नव्हतं, ते त्यांनी स्वतःहून घातलं. रागात माणूस मापावर वरताळा, म्हणजे फुकटची भर, देतो तसं.

गंगेच्या एका उतारावर सटवाजी भोई नावेतून माणसं पलीकडे सोडायचा. पूल झाला आणि त्याच्या दोन जुन्या होड्या काठावर पालथ्या पडल्या. ईश्वरअप्पांनी त्याच घेतल्या. एक दुसरीपेक्षा दीड हात लांब होती. दोघी तुळयांनी जोडल्या आणि वर दुकानाच्या चौदा फळ्या ठोकल्या. धाकट्या भावानं, भीमाशंकरनं, दुकानाच्या तोंडाला गोणपाट लावलं आणि वहिनीकडे अशा नजरेनं पाहिलं की जणू शब्द तिनं दिला म्हणून फळ्या गेल्या. शीड मांडवाच्या कापडाचं झालं. त्यावर 'शुभविवाह' अशी अक्षरं होती, ती उलटी बाजू वर करूनही दिसत.

"आप्पा," सटवाजी जोडीकडे बघून म्हणाला, "ही जोडी म्हंजी एक बैल अन् एक रेडा. सरळ चालायची न्हाई."

"चालंल," ईश्वरअप्पा म्हणाले. "त्यांची अकरा वर्षं चालली."

श्रावणात पाणी आलं आणि नाव तरली. चन्नबसम्मांनी पदरात दोन लिंबं बांधून घेतली होती. पहिल्या दिवशी काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी ईश्वरअप्पांनी तीन भाकऱ्या खाल्ल्या. चौथ्या दिवशी ते नावेच्या टोकाला उभं राहून गाणं म्हणायला लागले. एस.टी. लागणाऱ्या माणसाला नाव लागली नाही. या एका गोष्टीसाठी चन्नबसम्मांनी शिवशंभोला बरेच दिवस माफ केलं नाही. लिंबांचं त्यांनी लोणचं घातलं.

नवऱ्याला न लागलेली नाव चन्नबसम्मांना लागली. म्हणजे चालवायला. झालं असं की दुकानात असताना ईश्वरअप्पांची लिंगपूजा पावघंट्यात व्हायची, गिऱ्हाईक खोळंबायचं म्हणून. नावेवर गिऱ्हाईक नव्हतं. पूजा दीड तासाची झाली. तळहातावर लिंग, डोळे मिटलेले, बोलायचं नाही, जागा सोडायची नाही. नाव मात्र तिचं चालणं सोडत नसे आणि लांब होडीमुळं ती सदा डावीकडे वळायची. तिसऱ्याच दिवशी ती पूजेच्या मध्यात काठावरच्या बाभळीत घुसली. ईश्वरअप्पांच्या उपरण्यात चार काटे, पण डोळे मिटलेलेच. चन्नबसम्मांनी चुलीवरची भाकरी तशीच टाकली आणि सुकाणू धरलं.

"तेवढं पूजेपुरतं बघत जा," नंतर ईश्वरअप्पा म्हणाले.

पूजेपुरतं, मग जेवणापुरतं, मग जेवणानंतर जरा पाठ टेकण्यापुरतं. दसऱ्यापर्यंत असं झालं की ईश्वरअप्पा टोकाला बसून नदी बघायचे आणि चन्नबसम्मा मागे बसून ईश्वरअप्पांचं टक्कल बघायच्या. चूल तीन नंबरच्या फळीवर, वाळू भरलेल्या घमेल्यात. झोपायचं पाच ते नऊवर. सहा नंबरची फळी मधोमध फुगलेली होती. तीस वर्षं ती दुकानाला लावताना अडायची, आता पाठीला अडायची. कधी एखादी मासोळी उडी मारून थेट परातीत पडायची. मग परात तीनदा घासायची, मासोळीला दोन शब्द सुनावून पाण्यात सोडायचं आणि कणीक नव्यानं मळायची.

रोज दिवेलागणीला त्या सुतळीला एक गाठ मारायच्या.

पौषात नदी आटली. नाव मास्तरांनी वाचून दाखवल्याप्रमाणे वाळूवर सरळ उभी राहिली. ईश्वरअप्पा तिच्याभोवती फिरून फिरून खूश होत होते. "एका पोटाची असती तर आडवी झाली असती," ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. येणारेजाणारे म्हणजे वाळूत टरबुजाच्या वाड्या लावणारे भोई. ते मान डोलवायचे आणि आळ्यांना पाणी घालायला निघून जायचे. चन्नबसम्मा उभ्या नावेवर बसून उन्हात दिवस काढत होत्या. उंबरा ओलांडायचा नव्हता, माहेर लांब, पोरगी उमादेवी चुडाव्याला दिलेली; तिनं निरोप पाठवला होता की आई, जावेनं विचारलं तर तू तीर्थयात्रेला गेलीस असं सांगितलंय, तेव्हा एवढ्यात येऊ नको.

श्रावण फिरून आला तसं चन्नबसम्मांनी गाठोडं बांधलं. "झालं वरीस."

ईश्वरअप्पा डोकं खाजवत बसले. मग म्हणाले, "पाण्यावर झालं का?"

"म्हंजी?"

"तू पाण्यावर म्हणाली होतीस. लिंग हातात घेऊन. पौषापासून आपुन वाळूवर हाव."

चन्नबसम्मांनी त्यांच्याकडे पाहिलं. बत्तीस वर्षांच्या संसारात या माणसानं कुठल्याच बोलण्यात त्यांना पकडलं नव्हतं. त्याला जमलं ते नेमकं आत्ता.

नागनाथ स्वामींना बोलावणं गेलं. त्या मठात जाऊ शकत होत्या, पण म्हणाल्या, बघू द्या त्यांनाही कुठं राहायलेय मी. स्वामी बैलगाडीतून वाळूपर्यंत आले, दोन फोडी टरबूज खाल्लं आणि बराच वेळ विचार केला.

"माय," ते म्हणाले, "शबूद तुझा हाय. वाळूला पाणी कसं म्हणावं? लिंग हातात होतं."

"मंग मोजा पाण्यावरचेच दिवस," चन्नबसम्मा म्हणाल्या. वाळूवरचे आणि पुरात नाव ओढून बांधलेले दिवस वजा जाता एकाहत्तर भरले; बाकीच्या गाठी त्यांनी सुतळीवरून सोडवल्या.

"आन् एक होडी पाण्यात, एक वाळूवर, असं आसंल तर?" ईश्वरअप्पांनी विचारलं. चौकसपणे, हा माणूस सगळं चौकसपणेच विचारायचा.

स्वामींनी आणखी एक फोड घेतली. "अर्धा दिवस."

म्हणजे दोनशे चौऱ्याण्णव दिवस राहिले. बैलगाडी दिसेनाशी झाली. मग चन्नबसम्मांनी गाठोडं सोडलं, पदर खोचला आणि सटवाजीच्या खोपटाकडे निघाल्या.

"सटवाजीदादा," त्या म्हणाल्या, "या गंगेत पाणी शेवटाला कुठं आटतंय, ते मला सांगा. डोह सांगा. सगळे."

सटवाजीनं पाहिलं. "आक्का, तुमाला तर उतरायचंय म्हन्ले."

"उतरायचंय म्हणूनच ईचारायलेय."

तिथून पुढं जे झालं त्याची कुठल्या रकान्यात नोंद नाही. ज्या बाईला नाव डोळ्यांपुढं नको होती, तिला आता ती एक दिवससुद्धा वाळूवर नको झाली. सटवाजीनं त्यांना पाणी वाचायला शिकवलं. कुठं लाट बारीक होते तिथं खाली वाळू. कुठं पाणी काळं, गुळगुळीत, तिथं खोल. बांबू टोचत, तळ चाचपत त्यांनी गंगेचा पट्टा असा पाठ केला की गहू निवडताना खडा कुठला हे जसं हाताला कळतं तसं पायाला कळायला लागलं. नेमकं तेव्हाच पावसानं पाठ फिरवली. दुसऱ्या हंगामात एकतीस गाठी झाल्या. तिसऱ्यात चव्वेचाळीस, त्याही रोज कुठंतरी ढकलून.

"येलदरीच्या धरणात टाकू ही नाव," त्या एकदा काकुळतीला येऊन म्हणाल्या. "बाराही महिने पाणी. एका वर्षात सुटका."

"त्यात परवास कुठंय?" ईश्वरअप्पा दुखावले. "ते तळं हाय. ती मान्सं दर्यातून दर्यात जायलीत."

"त्यांना दर्या हाय! आपल्याला दोन बांबू पानी हाय!"

ईश्वरअप्पांनी डोळे मिटले. पूजेची वेळ नव्हती, तरी.

शिडाचं कोडंही चन्नबसम्मांनीच सोडवलं. ईश्वरअप्पांच्या मते शीड नावेला शोभेसाठी आणि माणसाला सावलीसाठी असतं. चन्नबसम्मांना खळ्यात पाखडायची सवय. वारा कुठून येतो हे बघितल्याशिवाय सूप धरायचं नसतं. त्यांच्या ध्यानात आलं की आषाढ-श्रावणात वारा मावळतीकडून येतो आणि गंगाही उगवतीकडे जाते, तेव्हा शीड उभारून खाली जायचं. दिवाळीच्या पुढं वारा फिरतो, थंड होऊन उगवतीकडून येतो, पाणी संथ असतं; तेव्हा त्याच शिडावर वर यायचं. मध्ये पूर आला तर सटवाजीच्या उतारावर नाव वर ओढून बांधायची आणि ते दिवस कपाळाला हात लावून घालवायचे, कारण ओढलेली नाव पाण्यावर धरत नाहीत. हे सगळं त्यांनी ईश्वरअप्पांना समजावून सांगितलं. ते म्हणाले, "आसंच काहीतरी पान सत्तेचाळीसवर आसंल."

तिसऱ्या हंगामातच जवळच्या ग्रामपंचायतीनं घरपट्टीची नोटीस धाडली. वर्षातले आठ महिने एका जागी उभं असतं, चूल पेटते, म्हणजे घरच. ईश्वरअप्पांनी उलट अर्ज केला की ही नौका आहे. मग पाहणीसाठी दिनकरराव आले. नौका आहे हे सिद्ध करायचं तर ती त्यांच्यासमोर तरंगायला हवी. पाणी गुडघाभर, ईश्वरअप्पा आणि दिनकरराव वर बसलेले. चन्नबसम्मा खाली उतरल्या, खांदा लावून नाव वाळूवरून सोडवली आणि कमरेइतक्या पाण्यापर्यंत नेली.

"हां, तरंगली," दिनकरराव म्हणाले आणि कागद काढला. "नाखवा, खलाशी, प्रवासी, यातलं एकेक लिहायचंय. आप्पा, तुमी?"

"नाव माझीच," ईश्वरअप्पा म्हणाले.

दिनकररावांनी 'नाखवा' लिहिलं. मग कपाखालची बशी खाली ठेवून काठाशी ओणवून पाहिलं. चन्नबसम्मा लांब होडीच्या बुडाखाली हात घालून वेल सोडवत होत्या. पाण्यावर तेवढं डोकं दिसत होतं. दिनकरराव परत बसले आणि 'प्रवासी' लिहिलं.

हे चन्नबसम्मांना कळलं ते कागद टपालानं आल्यावर. वाचून घेतला, घडी केली आणि पिठाच्या डब्याखाली ठेवला. "प्रवासी तर प्रवासी," त्या म्हणाल्या. "प्रवाशाला मुक्काम आला की उतरता येतंय. नाखव्याला न्हाई."

चौथ्या हंगामात बावन्न गाठी झाल्या. पाचव्यात, अठ्ठ्याऐंशी साली, पाऊस असा झाला की गंगा उतरायचं नावच घेईना. पूर सरल्यावर अठ्ठ्याण्णव दिवस नाव पाण्यावर होती, पार पूर्णेच्या संगमाच्याही खाली गेली. त्याच खेपेला नामांतराच्या कुठल्याशा बंदमध्ये एस.टी. उभ्या राहिल्या आणि काठावर पिशवी घेऊन खोळंबलेले चंद्रभान मास्तर दिसले. त्या दिवशी त्या भागात चालू असलेलं वाहन बहुधा एवढंच, तेही म्हशीच्या चालीनं. चन्नबसम्मांनी त्यांना चढवून घेतलं.

मास्तर सांगत होते की विद्यापीठाचं नाव बदलायचा ठराव होऊन दहा वर्षं झाली, माणसं मेली, घरं जळाली, अजून सरकारचं ठरत नाही.

"दहा वरसं?" चन्नबसम्मा सुकाणू दाबत म्हणाल्या. "ठराव केल्यावर?"

"केल्यावर."

"मंग माझं वरीस बी सरकारीच दिसतंय," त्या म्हणाल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "पर माझं मीच बोलले होते. ज्यांची घरं जळाली त्यांनी काय केलतं?"

 ईश्वरअप्पांनी विषय बदलून पान सत्तेचाळीस मिळालं का विचारलं. मिळालं नव्हतं.

मास्तर उतरल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी संगमाजवळ धुकं होतं. वारा नव्हता. दोन्ही नद्यांची पाण्यं एकमेकीला लागूनही आपापल्या रंगानं चालली होती आणि करकोच्यांची एक रांग नावेच्या शिडाएवढ्या उंचीवरून गेली, इतकी जवळून की पंखांचा आवाज ऐकू आला. चन्नबसम्मांच्या हातात चहाचा पेला होता. त्यांना बरं वाटलं. चांगलं पाच मिनिटं बरं वाटलं, आणि मग त्या बरं वाटण्याचाच त्यांना संताप आला. पुढं बसलेला माणूस मान वळवून हसत होता.

"आता कशी हसायलीस," ईश्वरअप्पा म्हणाले.

"धूर गेला डोळ्यात," त्या म्हणाल्या. चूल चहानंतर केव्हाच विझवलेली होती.

सहाव्या हंगामाला एकोणसत्तर गाठी उरल्या होत्या. एकोणनव्वदचा पाऊस आला तेव्हा चन्नबसम्मांनी सटवाजीशी बसून मोजदाद केली होती: मावळतीच्या वाऱ्यानं फार खाली जायचंच नाही, सटवाजीच्या उतारावरचा मोठा डोह धरून राहायचं, म्हणजे शेवटची गाठ गंगाखेडच्या रस्त्याजवळ पडेल. पोळा गेला, दसरा गेला. ईश्वरअप्पा खाली जाऊ म्हणत होते, त्या ऐकत नव्हत्या. दिवाळीनंतर डोह रोज चार बोटं खाली उतरू लागला. तीनशे साठ. तीनशे बासष्ट. त्या पहाटे उठून आधी दोन्ही होड्यांखाली बांबू घालून पाहायच्या, मग तोंड धुवायच्या.

तीनशे चौसष्ट गाठी झाल्या आणि दुसऱ्या दिवशी उजाडताना बांबू आखूड होडीखाली वाळूत रुतला.

अर्धा दिवस. तोही आजचाच, उद्या लांब होडीही टेकेल, मग नाव डोहाच्या मध्यात नेता यायची नाही आणि पुढचं पाणी थेट पुढच्या श्रावणात.  चन्नबसम्मांनी चूल उतरवली. पीठ, भांडी, घागरी, अंथरुणं, शीड, सगळं काठावर नेऊन ठेवलं. नाव दोन बोटं उचलली, पण सुटली नाही. सटवाजी आला, त्यानं आणि त्यांनी मिळून खांदा लावला. हलली नाही.

ईश्वरअप्पा पूजेला बसले होते. डोळे मिटलेले, तळहातावर लिंग, आखूड होडीच्या बाजूला, चार नंबरच्या फळीवर. सटवाजीनं त्यांच्याकडे पाहिलं, मग चन्नबसम्मांकडे.

"आक्का, एवढंच वजन ऱ्हायलं बगा."

पूजेतल्या माणसाला उठवायचं नसतं. हे त्यांनी सहा हंगाम पाळलं होतं. बाभळीत पाळलं, भोवऱ्यात पाळलं. त्या पूजा संपायची वाट बघत पाण्यात उभ्या राहिल्या. सूर्य वर आला. दीड तास झाला. ईश्वरअप्पांनी डोळे उघडले, लिंग गळ्यात घातलं आणि सगळा संसार काठावर मांडलेला पाहिला.

"उतरा," चन्नबसम्मा म्हणाल्या.

"मी?"

"शबूद माझा हाय. पाण्यावर मी ऱ्हायचंय. तुमी उतरा."

ईश्वरअप्पांच्या ध्यानात आलं. त्यांनी एकदा नावेकडे पाहिलं. म्हणाले, "पान सत्तेचाळीस मिळालं असतं तर कळलं असतं, त्यांचं पुढं काय झालं ते."

"मला म्हाईत हाय काय झालं," चन्नबसम्मा म्हणाल्या. "बाई उतरली."

ईश्वरअप्पा धोतर सावरत वाळूत उतरले. नावेनं एक आळस दिल्यासारखा आवाज केला, आखूड होडी सुटली आणि दोन्ही पोटं पाण्यावर आली. चन्नबसम्मा चढल्या, बांबू रोवून नाव डोहाच्या मध्यात नेली आणि दिवस मावळेपर्यंत तिथं एकट्या बसून राहिल्या. सकाळचा वाळूत गेलेला वेळ भरून काढायला त्या दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंतही बसल्या. स्वामी मोजायला आले नव्हते, तरी. वारा आला की नाव डावीकडे वळायची, त्या सवयीनं सुकाणू दाबायच्या. ईश्वरअप्पांनी काठावर तीन दगडांची चूल मांडून स्वतः भाकरी थापायचा प्रयत्न केला, ती सटवाजीच्या कुत्र्यानं वास घेऊन सोडली.

दुसऱ्या दिवशी दुपारी चन्नबसम्मांनी नाव काठाशी आणली, शेवटची गाठ मारली, सुतळी कमरेला खोचली आणि उतरल्या. गंगाखेडहून राणीसावरगावची एस.टी. मिळाली. संध्याकाळी त्यांनी घराचा उंबरा ओलांडला आणि आत जाऊन आधी दार लावून घेतलं, नुसतं, लागतं का बघायला.

ईश्वरअप्पा नवव्या दिवशी पायी आले. खांद्यावर एक नंबरची फळी होती. बाकीच्या तेरा मागून बैलगाडीनं आणवू म्हणाले. त्यांनी पाणी मागितलं, चन्नबसम्मांनी तांब्या दिला. पाण्याबद्दल घरात पुढं एवढंच बोलणं होत गेलं.

नव्वद साली परवान्याच्या नूतनीकरणासाठी कागद आला. दिनकररावांची बदली झाली होती, पण मजकूर जुन्यावरूनच उतरवला होता: नाखवा, ईश्वरअप्पा; प्रवासी, चन्नबसम्मा; नौका चालू स्थितीत.

प्रवासी उतरल्यापासून ती नाव जागची हललेली नव्हती.